रोज दुपारी रडायचे

जोगेश्वरी (पूर्व)
९ जानेवारी १९८५

ती. विद्याधरमामांस,
जानकीचा नमस्कार.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर पाकीट उलटसुलट करत बसाल. मी तुमच्या वनूताईची मुलगी. आपण शेवटचं भेटलो ते बोरीवलीला, दादूमामाच्या लग्नात. मी तेव्हा सातवीत होते आणि तुम्ही पंगतीत मला पाण्याला कुठल्या भाषेत काय म्हणतात ते सांगत होतात. आता मी चोवीस वर्षांची आहे. अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीत सोल्डरिंग करते.

बाबा गेले हे तुम्हाला कळलं असेलच. जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. १९८२च्या जूनमध्ये पोटातला अल्सर फुटला म्हणून जहाजानं त्यांना वाटेत लास पाल्मास नावाच्या स्पेनच्या बंदरात उतरवलं, तिथल्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि जहाज पुढे निघून गेलं. सप्टेंबरात तार आली. नंतर त्यांची पेटी आली. बाकी काहीच नाही. तिकडेच सगळं उरकलं असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. ओळखीचं माणूस नाही, भाषा नाही, असे अडीच महिने त्यांनी कसे काढले हे आम्हाला माहीत नाही. आई त्याबद्दल बोलत नाही.

आणि परवा तिथून पत्र आलं. दोन पानं, पहिलीतल्या पोरानं काढावं तसं मोठं अक्षर. अख्ख्या पत्रात मला एकच शब्द वाचता आला : कासीराम, म्हणजे आमचे बाबा. खाली सही 'पिनो'. ही बाई की बाप्या तेही कळत नाही. शेजारच्या काकूंनी "जहाजावरची माणसं, काय सांगता येतंय" असं काहीतरी पुटपुटलं. आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवसापासून पत्र तिच्या उशीखाली आहे. शेवटी तीच म्हणाली, "विद्याधराक धाड. तो आगबोटीच्या हापिसात होतो. त्येका ती भाषा येता."

मूळ पत्र सोबत पाठवते. सांभाळा हं मामा.

तुमची भाची,
जानकी

*

मुलुंड
२० जानेवारी १९८५

चि. जानकी,
तुला मनापासून आशीर्वाद. ताई माझ्याहून मोठी, तेव्हा तिला नमस्कार.

लग्नातली पंगत मला आठवते. तू मठ्ठा दोनदा मागितलास.

बत्तीस वर्षं मी बॅलार्ड पियरला दक्षिण अमेरिकेचा माल उतरवणाऱ्या एजंटाच्या कचेरीत काढली, त्यामुळे या स्पॅनिश भाषेशी माझी घसट आहे. तरी या पत्रानं घाम काढला. बाईनं शब्द कानाला येतील तसे लिहिलेत. 'एच' गाळलाय, 'बी'च्या जागी 'व्ही'. तीन रात्री शब्दकोश घेऊन बसलो. भाषांतर असं :

"बाई, मी मारिया देल पिनो. मला पिनो म्हणतात. मी इस्पितळात लाद्या पुसते. मला लिहिता येत नव्हतं. आता बावन्नाव्या वर्षी मोठ्यांच्या शाळेत जाते. मास्तरीण म्हणाली, पहिलं पत्र ज्याला लिहावंसं वाटेल त्याला लिहा. म्हणून तुम्हाला. तुमचा पत्ता कासीरामच्या खाटेजवळच्या कागदावर होता, तो मी ठेवला होता. कासीराम माझ्याशी बोलला. मला काही समजलं नाही. दुपारी रडला आणि माझा हात धरला. सूप नको म्हणाला, भात मागितला. चौदा सप्टेंबरला सकाळी गेला. मी तिथे होते. तुमचे उपकार मी विसरणार नाही. देव तुमचं भलं करो. पिनो."

उपकाराचं वाक्य मला नीट लागलं नाही. उपकार तिचे आपल्यावर, ही उलट का लिहिते? नव्यानं लिहायला शिकलेली बाई, गोंधळली असेल.

मूळ पत्र परत पाठवतो आहे, रजिस्टरनं.

विद्याधर

*

जोगेश्वरी
२७ जानेवारी

ती. मामा,

तुमचं पत्र आईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पिनो बावन्न वर्षांची आणि लाद्या पुसणारी, हे ऐकल्यावर तिनं जो श्वास सोडला, तो मी विसरणार नाही. मग शेजारच्या काकूंकडे जाऊन, विचारलेलं नसताना, सगळं सांगून आली.

'रडला' यावर ती म्हणाली, "एकदा रडले आसतीत. माणूसच तो." भात मागितला हे ऐकून हसली. आणि "मी तिथे होते" हे वाक्य तिनं चौथ्यांदा वाचायला लावलं. मामा, अडीच वर्षं आमच्या डोळ्यांसमोर एक रिकामी खोली होती. आता त्या खोलीत कुणीतरी आहे. तुमचे आभार कसे मानू?

मला पिनोबाईंना उत्तर लिहायचंय, त्यांच्याच भाषेत. तुम्ही लिहून दिलंत तर एका दिवसात होईल, माहीत आहे. पण ती बावन्नाव्या वर्षी अक्षर शिकली, तर मी चोविसाव्या वर्षी चार वाक्यं शिकू शकते की. मला एवढंच म्हणायचंय : तुम्ही बाबांची काळजी घेतलीत. हे कसं म्हणायचं? जरा सविस्तर शिकवा ना.

जानकी

*

मुलुंड
१० फेब्रुवारी

चि. जानकी,

तुझ्या पत्रानं हुरूप येऊन मी घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून व्याकरणाचं पुस्तक आणलं. आता लक्ष दे.

काळजी घेणे म्हणजे 'कुइदार'. त्यांचा भूतकाळ दोन प्रकारचा. एक, घडलं आणि संपलं : काळजी घेतली. दुसरा, घडत राहिलं : काळजी घ्यायची, घेत असे. पिनोबाईला तुला दुसराच म्हणायचा आहे. तिनं एकदा काळजी घेऊन हात झटकले नाहीत, अडीच महिने रोज घेतली.

हा काळ करायला सोपा. 'कुइदार'चं 'आर' काढ आणि शेपूट लाव :
मी – कुइदाबा
तू – कुइदाबास
तो, ती, आणि आदरानं 'तुम्ही' – कुइदाबा
आम्ही – कुइदाबामोस
ते – कुइदाबान
'आर'नं संपणारं बहुतेक प्रत्येक क्रियापद असंच चालतं. बोलणे 'आब्लार', मग आब्लाबा, आब्लाबास. वाट पाहणे 'एस्पेरार', मग एस्पेराबा. आपल्याकडे 'बोलायचा, बोलायचास, बोलायचो' म्हणतो ना, तेच. तुझं वाक्य : 'उस्तेद लो कुइदाबा.' तुम्ही त्यांची काळजी घ्यायचात.

आता एक कबूल करायला हवं. हे पुस्तक वाचल्यावर मी पिनोबाईच्या पत्राची माझ्याकडची नक्कल पुन्हा काढली. ती 'बी'च्या जागी 'व्ही' लिहिते म्हणून ही शेपटं मला आधी ओळखू आली नव्हती. मी सगळीकडे 'बोलला', 'रडला' केलं. ते चूक आहे. तिनं या चालू भूतकाळात लिहिलंय. 'बोलायचा.' आणि तिथे 'दुपारी' म्हणजेही एक दुपार नव्हे, रोजची. तर ते वाक्य असं : 'रोज दुपारी रडायचा आणि माझा हात धरायचा.' भावोजींबद्दल लिहिताना संपलेला भूतकाळ एकाच ठिकाणी आहे : 'मुरियो', म्हणजे वारला.

खरं ते सांगणं माझं कर्तव्य समजतो.

विद्याधर

*

जोगेश्वरी
२४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. आईनं खालच्या वसुधाताईंकडून वाचून घेतलं. मी आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. दहा दिवस होतील आता. चहा घेते, कधी अर्धी भाकरी. मी ओरडले तेव्हा एकच बोलली, "रोज रडत होते गो ते. रोज."

आणि मग जे मला माहीत नव्हतं ते सांगितलं. शेवटच्या खेपेआधी बाबांना जायचंच नव्हतं. स्टेशनजवळ एक लहानशी खानावळ काढायची, घरी राहायचं असं त्यांच्या मनात होतं. आईला ते नको होतं. वर्षातून एक महिना घरी असणाऱ्या माणसाची तिला सवय. रोज घरात नवरा म्हणजे काय करायचं, आणि खानावळ चालली नाही तर ते तोंड पाडून बसतील ते कसं बघायचं, याची तिला धास्ती. "मियाच धाडलंय त्येंका. म्हटलंय, अजून एक खेप करा." हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, मलासुद्धा.

आधीचं भाषांतर चुकीचं होतं तर तसंच राहू द्यायचं होतं, असं मला वाटलं. रागानं लिहिते आहे, माफ करा. पण तुमच्या त्या एका शेपटानं आमच्या घराची वाट लागली.

जानकी

*

मुलुंड
३ मार्च

चि. जानकी,

तुझ्या रागाला मी पात्र आहे, पण तुला वाटतं त्याहून मोठ्या कारणासाठी.

मला स्पॅनिश येत नाही. म्हणजे, वनूताईला वाटतं तशी येत नाही. कचेरीत माझ्यापुढे मालाचे कागद यायचे. इतकी पोती, इतकी पिंपं, इतकं वजन, इतकं भिजलं. तेवढे दोनशे शब्द मला पाठ. पोती कधी 'यायची' नसतात, ती आली किंवा नाही आली, त्यामुळे हा चालू भूतकाळ मी जन्मात वापरला नव्हता. नातेवाइकांत मात्र 'विद्याधरला परदेशी भाषा येते' असं झालं आणि मी ते कधी खोडलं नाही. बरं वाटायचं. तू 'शिकवा' म्हणालीस तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलली नाही. जो धडा तुला लिहिला, तो मी आदल्याच दिवशी शिकलो होतो. आणि नवा शिकलेला धडा मिरवायची घाई अशी, की तो कुणाच्या घरी जाऊन पडणार आहे याचा विचार केला नाही.

वनूताईसमोर यायची हिंमत नाही. तिला एवढं सांग, भावोजी तिच्यावर रागावून गेले नव्हते. निघताना ते मला बंदरावर भेटले होते. काय बोलले ते आठवत नाही, साधंच काहीतरी. पण रागावलेला माणूस वेगळा दिसतो, ते दिसतं.

तू म्हणशील तर यापुढे लिहीत नाही.

विद्याधर

*

जोगेश्वरी
१२ मार्च

मामा, मामा, मामा,

लिहिणं थांबवू नका! नीट वाचा.

राग आला तरी मी ते शेपूट प्रकरण सोडलं नव्हतं. बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत चालूच असायचं, कुइदाबा, कुइदाबास. सुपरवायझर विचारतो, कसला जप लावलाय. काल जेवणाच्या सुट्टीत मी पिनोबाईचं पत्र पुन्हा मराठीत लिहीत होते, नीट, चालू भूतकाळात. बाबांबद्दल म्हणून मी 'रडायचा' नाही, 'रडायचे' लिहिलं. आणि पिनोबाईनं 'तो' लिहिलेलं नाही म्हणून मीही 'ते' लिहिलं नाही. कागदावर एवढंच : 'रोज दुपारी रडायचे.'

माझ्याशेजारी शकु बसते. भाजी घ्यायला वाकली, कागद वाचला आणि डबा खाली ठेवून मला म्हणाली, "का गं जानकी? कशाला रडायचीस रोज दुपारी? सांगितलं नाहीस कधी!"

मी म्हटलं, "मी नाही, बाबा."

तर म्हणते, "मग तसं लिही ना. मला काय कळणार? मला वाटलं तूच रडायचीस."

मामा, माझ्या हातातला घास हातात राहिला. तुमचा तक्ता आठवा. मी – कुइदाबा. तो – कुइदाबा. दोन्ही एकच! मग रडणाऱ्या शब्दाचंही तसंच असणार ना? 'तो' लिहिलेलं नाही, 'मी' पण लिहिलेलं नाही. मग बाबाच रडायचे कशावरून? 'रोज दुपारी मी रडायचे आणि तो माझा हात धरायचा', असं असलं तर?

आणि ते वाक्य, जे तुम्हाला उलटं वाटलं होतं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. पुन्हा चूक निघाली तर ती उठायची नाही. लवकर लिहा.

जानकी

*

(पोस्टकार्ड)
मुलुंड, १५ मार्च

जानकी, तू बरोबर आहेस. 'योरार' म्हणजे रडणे. मी – योराबा. तो – योराबा. फरक शून्य. दोनदा तपासलं. कोण रडायचं हे त्या कागदावरून जगातला कुणीही सांगू शकणार नाही, माझ्यासारखा हमाली स्पॅनिशवाला तर नाहीच. तिलाच विचार. वाक्य हे घे : 'किएन योराबा, उस्तेद ओ एल?' कोण रडायचं, तुम्ही की तो? त्याआधी तुझं 'उस्तेद लो कुइदाबा' लिही, आभाराचं 'ग्रासियास' लिही. मी तपासत बसत नाही, वेळ जाईल. चुका असू देत, तीही करते. आजच टाक. तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. – वि.

*

जोगेश्वरी
१९ मे

ती. मामा,

उत्तर आलं. सहा पानं. या वेळी तुमच्याकडे पाठवायला धीर नव्हता, मीच बसले. तुम्ही दिलेल्या पुस्तकातून आणि त्या जाड शब्दकोशातून एकेक शब्द काढला, सहा रात्री. (ते दोन्ही घेऊन तुम्ही स्वतः जोगेश्वरीला आलात आणि वर घरी न येता खालच्या वसुधाताईंच्या हाती देऊन परत गेलात, हे आईला मुळीच आवडलेलं नाही.) चुका असतील. पण पहिल्या ओळीत चूक होणं शक्य नाही. तीन शब्द आहेत :

"यो. योराबा यो." मी. रडायचे ती मी.

पुढचं माझ्या भाषेत लिहिते :

"माझा मुलगा दोमिंगो मासेमारीच्या बोटीवर होता. त्या वर्षी मे महिन्यात बोट बुडाली. बावीस वर्षांचा होता. सापडला नाही. घरी मी रडत नव्हते, कारण मी रडले की नवरा उठून बाहेर जायचा. इस्पितळात दुपारी तीनला सगळे झोपायचे. मी कासीरामच्या खाटेपाशी लादी पुसायचे आणि रडायचे. पहिल्या दिवशी त्यानं बघितलं, दुसऱ्या दिवशी हात पुढे केला. मग मी रोज तीनला जायचे. त्याला दुखायचं, तरी हात सोडायचा नाही. आम्ही बोलायचो. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या. मी दोमिंगोबद्दल सांगायचे, तो कशाबद्दल सांगायचा ते मला माहीत नाही. सूप त्याला आवडायचं नाही म्हणून मी घरून भात न्यायचे. त्याला तो मऊ लागायचा, तोंड वाकडं करायचा आणि खायचा. दोन शब्द तो मला सारखे म्हणायचा. गो बाय. मी रडायला लागले की, गो बाय, गो बाय. याचा अर्थ काय? इथे कुणालाच सांगता येत नाही.

तो चांगल्या घरातला होता हे त्याच्या हातावरून कळायचं. त्याला तुम्ही असं घडवलंत आणि इतक्या लांब पाठवलंत म्हणून मी जगले. म्हणून तुमचे उपकार लिहिले.

तो इथल्या दफनभूमीत आहे. आमच्याकडे भिंतीत कप्पे असतात, वर दगड बसवतात. दगडावर कासीराम, इंडिया, एवढंच आहे. दोमिंगोला कबर नाही. म्हणून दोमिंगोच्या दिवशी मी फुलं घेऊन कासीरामकडे जाते. तुमची परवानगी विचारली नव्हती. आता विचारते."

मी हे आईला सकाळी वाचून दाखवलं. ती निवडायला घेतलेले तांदूळ पुढ्यात घेऊन बसली होती. 'योराबा यो' पाशी तिनं हात वर करून मला थांबवलं. "म्हणजे तां पिनो रडत होता? ह्ये नाय?" मी म्हटलं, नाही, बाबा हात धरायचे. तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला.

मग 'गो बाय' आलं. मला वाटलं तिला हसू येईल. पण तिच्या तोंडावर जरासं काहीतरी आलं, खोटं कशाला बोलू, हेवा म्हणा. म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा ह्येंनी म्हटल्यानी ह्यां माका. आणि तुझ्या वेळेक, मी कळा देत होतंय तेव्हा." मग पुढे म्हणाली, "म्हणूंदेत. तेका आमच्यापेक्षा जास्त गरज होती."

आणि उठून तिनं चांगला मोकळा भात केला, आमटी केली, आणि पोटभर जेवली. मी समोर बसून बघत होते. तीन महिन्यांनी बघत होते, मामा.

तुमच्या शेपटानं घराची वाट लागली असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. तुम्ही 'रडला' तसंच राहू दिलं असतं, तर आम्ही पिनोबाईंना आभाराचं एक पत्र टाकून मोकळे झालो असतो आणि कोण रडायचं हे जन्मभर कळलं नसतं. खरं सांगितलंत म्हणून विचारावं लागलं.

जानकी

*

मुलुंड
२६ मे

चि. जानकी,

तुझं भाषांतर ताडून पाहायला मी मूळ पत्र मागवलं नाही. गरज वाटली नाही. खिडकीपाशी बसून वाचलं.

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. दूधवाला 'उद्या किती' विचारायचा, तेवढंच. जानेवारीत तुझं पाकीट आलं आणि मला रात्री दिवा लावून बसावं असं काम मिळालं. चुकलो, लाजलो, पुन्हा शिकलो. एकसष्टाव्या वर्षी एक पूर्ण काळ शिकलो. तू आभार मानतेस, पण हिशेब पाहिला तर ते मी मानायला हवेत, आणि ते मी या ओळीत मानतो आहे.

वनूताईच्या उत्तराचं स्पॅनिश आपण दोघं मिळून करू. येत्या रविवारी येतो, घरी येतो. मठ्ठा असेल तर दोनदा मागेन.

विद्याधर

*

जोगेश्वरी
१ जून १९८५

(मामा, रविवारच्या कामासाठी आईचं पत्र आधी लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही आल्यावर थेट बसता येईल. तिचं मालवणी बोलणं भाषांतराला सोपं जावं म्हणून मी साधं केलंय. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.)

पिनोबाईंस,
वनमालेचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मला लिहिता येत नाही, माझी मुलगी लिहिते. तुम्ही शिकलात, मी अजून शिकले नाही. तुमच्याकडे बघून आता वाटतं शिकावं.

'गो बाय'चा अर्थ विचारलात. आमच्या गावाकडे बाईला मायेनं हाक मारतात ती ही. पण नुसती हाक नाही. दुसऱ्याचं दुःख बघून आपल्याला काही करता येत नाही, तेव्हा तोंडातून येतं. माझे मालक फार बोलणारे नव्हते. त्यांनी ते तुम्हाला रोज म्हटलं, तर तुमचं दुःख त्यांना कळलं होतं असं समजा. भाषा कळली नसेल.

तुम्ही भात मऊ करायचात तरी ते खायचे, हे वाचून मला बरं वाटलं. माझ्या हातचा जरा मऊ झाला तर ताट सरकवायचे.

त्यांना जायचं नव्हतं, मी पाठवलं. ते तिकडे एकटे गेले म्हणून मी इतके दिवस जळत होते. ते एकटे नव्हते हे तुम्ही सांगितलंत. मी तुम्हाला कधी बघणार नाही, पण रोज सकाळी दिवा लावताना तुमचं नाव घेते. पिनो म्हणता येतं मला.

फुलं नेण्याची परवानगी मागितलीत. ती मागायची नसते. तुमच्याशिवाय त्यांच्याकडे जाणारं तिथे आहे कोण?

उलट माझंच एक मागणं आहे. तो दगड आहे म्हणता, त्यावर त्यांच्या नावाखाली तुमच्या दोमिंगोचं नाव घालून घ्या. समुद्रावर काम करणारी माणसं दोघंही. कुणी विचारलं तर सांगा, कासीरामच्या बायकोनं सांगितलंय.

जागा पुरेल.

वनमाला